फावडं न उचलणारी हिल्डा

हिल्डा क्रॅब्ट्रीनं इंग्लंडातल्या क्लेगथॉर्प गावच्या दुमजली बसमध्ये एकतीस वर्षं तिकिटं फाडली, आणि तेवढ्या काळात गावातल्या जवळजवळ प्रत्येक पुरुषाला एकदा तरी बसमधून खाली उतरवलं. कुणाला कोळशानं माखलेले बूट समोरच्या सीटवर टेकवले म्हणून, कुणाला वरच्या मजल्यावर कबुतरांची पेटी उघडली म्हणून. सिरिल बूथला तर दोनदा. एकदा भरल्या बसमध्ये खाण-कामगारांच्या हक्कांवर भाषण ठोकायला लागला म्हणून, आणि दुसऱ्यांदा, पहिल्यांदा उतरवल्याची तक्रार करायला चढला म्हणून.

मग बसचा ड्रायव्हरच तिकिटं द्यायला लागला आणि हिल्डा घरी बसली. सोबत एक पेन्शन आणि दोन निकामी गुडघे. वरच्या मजल्याचा जिना दिवसातून शंभरदा चढून-उतरून गुडघ्यांची पार वाट लागली होती. त्याच वर्षी तिचा नवरा हॅरल्ड गेला.

बाकीचे दिवस कसेही जायचे, रविवारची दुपार जायची नाही. रविवारी बाराला गावातले झाडून सगळे पुरुष कामगार क्लबात बिअर प्यायला जात आणि दोनच्या ठोक्याला घरी येत. तोवर बायकांचं भाजलेलं मांस आणि त्याबरोबरची फुगलेली पुडिंगं भट्टीतून बाहेर आलेली असत. हॅरल्ड गेल्यावरही सहा महिने हिल्डा दोघांपुरतं रांधत राहिली. दुसरं ताट शेजारच्या कुत्र्याला जायचं. कुत्रा इतका सुटला की शेजारीण भांडायला आली.

"हिल्डा, त्याला दारातून आत येता येईना गं!"

"मग मी काय करू? उरतं ते टाकू?"

"काहीतरी नाद लाव स्वतःला. माझं कुत्रं सोड."

म्हणून १९७५ च्या सप्टेंबरात हिल्डा सिरिल बूथच्या दारात जाऊन उभी राहिली. गावाच्या टोकाला, खाणीच्या राखाडी ढिगाऱ्याच्या पायथ्याशी, पालिकेनं भाजीपाला पिकवायला लोकांना थोड्याशा भाड्यानं दिलेले एकवीस तुकडे होते आणि सिरिल त्यांचा सेक्रेटरी होता. खाणीत मुकादम होता तेव्हा माणसांवर ओरडायचा, निवृत्त झाल्यावर कोबीवर. दर नोव्हेंबरात तो आपला अख्खा तुकडा दोन फावडी खोल खणायचा, मातीचे कंगोरे दोरी लावून सरळ ओढायचा आणि मग इतरांच्या कंगोऱ्यांकडे बघून मान हलवायचा.

"मिसेस क्रॅब्ट्री," तो म्हणाला. मनात राग असला की तो तिला मिसेस क्रॅब्ट्री म्हणायचा. "रिकामा एकच आहे. एकोणीस नंबर."

"चालेल की, राजा." हिल्डा सगळ्यांनाच राजा म्हणायची. बसमध्ये लागलेली सवय.

"बघितलायत का?"

"बघायचंय काय त्यात? जमीनच ना?"

तिथे जमीन दिसतच नव्हती. तिथे चरणारा दूधवाल्याचा घोडा मेल्यापासून चौदा वर्षं एकोणीस नंबरात कुणी पाय ठेवला नव्हता. कमरेएवढं गवत, त्याखाली वीतभर जाड हराळीचं जाळं, आणि मधूनमधून ते रुंद पानांचं तण, ज्याचं मूळ उपटायला दोन माणसं लागतात. सिरिलला तो तुकडा खरं तर आपल्या मित्राला, वॉल्टर सग्डनला, कबुतरखान्यासाठी द्यायचा होता. बाईला देऊ, मार्चपर्यंत रडत परत करेल, मग कुणी आपल्याला पक्षपाती म्हणायला नको, असा त्याचा हिशेब.

"नियम सात वाचा," किल्ली देताना त्यानं बजावलं. "एकतीस मार्चला तुकडा खणलेला नसेल तर परत घेतला जातो."

"आणि डॉक्टरनी मला फावड्याला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय."

"अरेरे," सिरिल म्हणाला. चेहऱ्यावर दुःख मात्र नावाला नव्हतं.

हिल्डाला एक गोष्ट ठाऊक होती, जी सिरिलला ठाऊक नव्हती. बस डेपोच्या मागे गवतात कुणीतरी एक जुना गालिचा फेकला होता. वर्षभर तो तसाच पडून होता. एकदा पाऊस पडत असताना ड्रायव्हर लोकांनी तो ओढून काढला, तेव्हा खालचं गवत नाहीसं झालं होतं आणि माती अशी भुसभुशीत की हिल्डाचा बूट घोट्यापर्यंत आत गेला. आत गांडुळंच गांडुळं. बाकीचे शी शी करत बाजूला झाले. हिल्डा मात्र चहा गार होईपर्यंत तिथेच बघत उभी होती.

गवत तिनं कापलंच नाही. परसातलं एक जुनं दार हातगाडीवर घालून आणलं, गवतावर आडवं टाकलं आणि त्यावर बसून थर्मासमधला चहा प्यायली. मग उठली, दार पुढे सरकवलं, पुन्हा बसली. चार दिवसांत चौदा वर्षांचं गवत झोपलं.

"मिसेस क्रॅब्ट्री, काय चाललंय?" वॉल्टरनं कुंपणापलीकडून विचारलं. वॉल्टर गोल गरगरीत होता आणि त्याला हसू आवरता येत नसे.

"मशागत, राजा."

"बुडानं?"

"ज्याच्याकडे जे भक्कम असेल त्यानं."

पुढचा महिनाभर ती विजेच्या सामानाच्या दुकानातून खोकी आणत होती. त्या वर्षी अख्खा गाव रंगीत टीव्ही घेत होता, त्यामुळे पुठ्ठ्याला तोटा नव्हता. चिकटपट्ट्या सोलून काढायच्या, खोकं उलगडायचं, एकावर दुसरं हातभर चढवून अंथरायचं, वरून झारीनं भिजवायचं. फट दिसली की हराळी तिथून डोकं काढणार हे नक्की, म्हणून ती फटी अशी शोधायची जशी बसमध्ये फुकटे शोधायची. पुठ्ठ्यावर भंगारवाल्याच्या घोड्याची लीद, त्यावर लोकरीच्या गिरणीतून पोतंपोतं भरून आणलेली वाया गेलेली लोकर, त्यावर चर्चच्या आवारातला पाचोळा. एकोणीस नंबर भिजलेल्या मेंढीसारखा दिसायचा, आणि वासही तसाच यायचा.

एकतीस मार्चला सिरिल समितीला घेऊन आला. समिती म्हणजे तो, वॉल्टर, आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांचा अर्नी पिकल्स, ज्याला उजव्या कानानं अजिबात ऐकू यायचं नाही आणि डाव्या कानानं सोयीचं तेवढंच.

"खणलेला नाही," सिरिल म्हणाला.

"खणलाय की." हिल्डानं कोपऱ्यात बोट दाखवलं. तिथे बादलीएवढा एक खड्डा होता आणि त्यात रुबार्बचा, म्हणजे आंबट देठांच्या भाजीचा, एक गड्डा. "तो बघ. शेजारणीच्या मुलानं खणून दिला."

"हा एक खड्डा आहे!"

"नियमात किती खणायचं ते कुठे लिहिलंय? मी वाचलाय नियम सात. दोनदा. तूच सांगितलंस वाचायला."

वॉल्टर हसून हसून कुंपणाला धरून राहिला. अर्नीनं "काय म्हणाली, काय म्हणाली" असं चारदा विचारलं आणि कळल्यावर तोही हसला. सिरिलचे कान लाल झाले. ऑगस्टपर्यंत मुदत देतो म्हणाला आणि पाय आपटत निघून गेला.

त्या उन्हाळ्याची आठवण क्लेगथॉर्पमध्ये अजून काढतात. १९७६. मेपासून पाऊस गेला तो ऑगस्ट संपेपर्यंत फिरकलाच नाही. नळाला पाइप लावायला बंदी झाली. सिरिलनं दोन फावडी खोल खणलेल्या तुकड्याला भेगा पडल्या, त्यात त्याची पट्टी, पेन्सिल आणि एकदा चष्म्याची डबी गेली. दोन्ही हातांत बादल्या घेऊन माणसं दिवसभर पाणी घालत होती आणि ते जमिनीला पुरत नव्हतं.

एकोणीस नंबरात हिल्डा खुर्ची टाकून बसलेली असे. पुठ्ठ्याला सुरीनं चीर देऊन तिनं बटाटे लावले होते आणि वर गवताची गंजी रचली होती. खालची ओल तशीच राहिली. जुलैत तिनं बसल्या जागेवरून वाकून गंजी हातानं बाजूला केली आणि कोंबडीखालची अंडी काढावीत तसे बटाटे काढले. स्वच्छ, पांढरे, मातीचा कणही न लागलेले. कोबी तरारले. घेवडा काठीवरून खाली लोंबायला लागला. गाजरांनी मात्र तिचा पचका केला. एकूण सात उगवली, त्यातली पाच वाकडी. आणि कुंपणाच्या कडेनं हराळी वर्षभर आत घुसत राहिली, ती तिला रोज हातानं खेचावी लागे. पण याबद्दल तिनं कुणाला काही सांगितलं नाही.

बघायला सगळेच यायचे. कारणं काढून यायचे. कुणी काडेपेटी मागायला, कुणी किती वाजले विचारायला. पण एकानंही तोंडानं चांगलं म्हटलं नाही. ऑगस्ट सरला, आणि सिरिलनं मुदतीचं नावही काढलं नाही.

"नशीब चांगलं दिसतंय तुमचं," वॉल्टर तेवढं म्हणाला.

"हो ना, राजा. खोक्यांतून आलं."

नोव्हेंबर उजाडला आणि खणायचे दिवस आले. पहिल्याच सोमवारी सिरिलच्या कंबरेत कड्कन आवाज झाला. त्याची बायको मेबल खाटकाच्या रांगेत हिल्डाला म्हणाली, "तीन दिवस जमिनीवर फळी टाकून त्यावर झोपलाय. तिथूनच हुकूम सोडतोय. खाणीत छत कोसळलं तेव्हासुद्धा इतका विव्हळला नव्हता."

पुढच्या रविवारी बाराला पाच मिनिटं होती. सगळा गाव क्लबाच्या वाटेवर. आणि सिरिल बूथ, प्रश्नचिन्हासारखा वाकलेला, काठी टेकत एकोणीस नंबरच्या फाटकाशी आला.

"हिल्डा," तो म्हणाला.

तिनं झारी खाली ठेवली. "मिसेस क्रॅब्ट्री कुठे गेली?"

"चेष्टा करू नकोस गं. दुखतंय." त्यानं मागे वळून पाहायचा प्रयत्न केला, तो जमला नाही. "चाळीस वर्षांत माझा तुकडा बिनखणलेला राहिला नाही. लोक येताजाता बघतात. मला... तुझं ते... पुठ्ठ्याचं..."

"मशागत म्हण."

"मशागत. पण कुणाला कळता कामा नये. वॉल्टरला तर मुळीच नाही. शप्पथ घे."

"राजा, एकतीस वर्षं बसमध्ये होते मी. कोण कुणाच्या बायकोबरोबर कुठल्या स्टॉपवर उतरलं, ते कधी बोलले का?"

सिरिलनं क्षणभर विचार केला आणि त्याचा चेहरा थोडा पांढरा पडला. "नाही," तो म्हणाला.

युक्ती हिल्डाचीच. सिरिलच्या तुकड्यावर पुठ्ठा घालायचा, त्यावर लीद, आणि सगळ्यात वर चिचुंद्र्यांसारखे ते जमिनीखाली राहणारे प्राणी शेतात मातीचे जे ढिगारे काढतात ती मऊ माती पातळ पसरायची. मग दोरी लावून वरवर कंगोरे ओढायचे. लांबून बघणाऱ्याला वाटावं, दोन फावडी खोल खणलंय. तीन रविवार बारा ते दोन ती दोघं खपली. म्हणजे हिल्डा सांगायची आणि सिरिल एका हातानं कंबर धरून दुसऱ्यानं ओढायचा. क्लबात न जाण्याचं कारण त्यानं बद्धकोष्ठ असं दिलं होतं.

तिसऱ्या रविवारनंतरच्या मंगळवारी वॉल्टर आला. टोपी हातात घेऊन.

"मिसेस क्रॅब्ट्री, तुम्ही कुणाला बोलणार नसाल तर..."

"खोकी हवीत?"

"सिरिलला कळलं तर मला जगू देणार नाही तो."

"रविवारी ये. सव्वाला. आधी नको, माझं जेवण असतं."

डिसेंबर संपेपर्यंत तिच्याकडे नऊजण झाले होते, आणि मागून आणखी येतच राहिले. प्रत्येकाला वाटे, फक्त मीच. हिल्डानं शेडच्या दाराच्या आतल्या बाजूला खडूनं वेळापत्रक लिहिलं. बारा, बारा पंचवीस, बारा पन्नास, सव्वा. एक निघाला की दुसरा यायच्या आत पाच मिनिटं मोकळी. तिकडे क्लबात मॅनेजर चक्रावला. रविवारी बिअर खपेना. गावात पोटाची साथ आली असं लोक म्हणायला लागले.

एका रविवारी वॉल्टर वीस मिनिटं लवकर आला. उरलेल्या फटींसाठी पुठ्ठा न्यायला आलेला सिरिल अजून आतच, हातात ओला पुठ्ठा.

"शेडमध्ये!" हिल्डा दबक्या आवाजात म्हणाली. "चल, आत!"

"मला वाकता येत नाही, दार ठेंगणं आहे!"

"आडवा हो!"

तो कसा आत गेला ते कुणी पाहिलं नाही. हिल्डानं दार लावलं आणि ती दाराला पाठ लावून उभी राहिली. वॉल्टर धापा टाकत आला आणि थेट शेडच्या पायरीवर बसला.

"दमलो. जरा बसतो." त्यानं रुमालानं कपाळ पुसलं. "सिरिलचा तुकडा बघितलात का यंदा?"

"नाही बाई," हिल्डा म्हणाली. "का?"

"असं खणलेलं मी जन्मात बघितलं नाही. कंगोरे असे की वाटावं, सुरीनं कापलेत. आणि कंबर मोडलेली असताना! मी इथं पुठ्ठे ढकलत बसलोय, आणि तो बिचारा..." वॉल्टरनं रुमालाची घडी केली. "मी त्याला तोंडावर कधी बोलणार नाही, पण माणूस आहे तो. खाणीत माझ्या अंगावर खांब पडला तेव्हा यानंच ओढून काढलं होतं मला. त्याला फसवतोय असं वाटतं."

आत काहीतरी खरकन वाजलं.

"उंदीर," हिल्डा म्हणाली.

"मोठा दिसतोय."

"म्हाताराय. हलताना आवाज करतो."

वॉल्टर अर्धा तास बोलत बसला. तो पुठ्ठे घेऊन गेल्यावर हिल्डानं दार उघडलं. सिरिल फ्रिजच्या एका खोक्यात उभा होता आणि नाक पुसत होता.

"सर्दी झाली," तो म्हणाला.

"होतेच. ओल आहे आत," हिल्डा म्हणाली, आणि तिनं त्याला थर्मासमधला चहा दिला.

राणीला गादीवर येऊन पंचवीस वर्षं झाली म्हणून १९७७ च्या मार्चात तुकड्यांची स्पर्धा ठेवली. उत्तम खणलेल्या तुकड्याला चांदीचा मुलामा दिलेला कप. कप ठेवायची कल्पना सिरिलची, गेल्या सप्टेंबरातली, कंबर धड होती तेव्हाची. आता मागे घेणार कशी? परीक्षक म्हणून शेजारच्या गावातून मिस थ्रेलफॉल आल्या. निवृत्त शिक्षिका, सहा फूट उंच. स्वतःचं दातेरी फावडं घेऊन आल्या.

"फावड्याचं काय काम?" सिरिलनं विचारलं. "बघायचंच आहे ना नुसतं?"

"मुलांची वही मी नुसती बाहेरून कधी बघितली नाही, मिस्टर बूथ."

सगळे सभासद मागे. हिल्डा सगळ्यात मागे, हातांची घडी घालून. मिस थ्रेलफॉलनी सिरिलच्या तुकड्यात फावडं टेकवलं आणि ते दांड्यापर्यंत आत गेलं.

"अद्भुत! हे तुमच्या हातचं?"

"चाळीस वर्षांची सवय," सिरिल पुटपुटला.

त्यांनी फावडं वर उचललं. दात्यांवर भिजून मऊ झालेला पुठ्ठ्याचा मोठा तुकडा लोंबत होता. त्यावर ठळक अक्षरं होती : हा भाग वर.

मग वॉल्टर फुटला. तो असा हसला की टोपी पडली, दोन गुंड्या तुटल्या. "सिरिल! दोन फावडी खोल! अरे देवा, दोन फावडी..."

"आणि हा तुमचा ना?" मिस थ्रेलफॉल शेजारच्या तुकड्याकडे वळल्या होत्या.

वॉल्टरचं हसू जागच्या जागी थांबलं. "तिथं नको," तो म्हणाला. तोवर फावडं वर आलं होतं, आणि त्यावर टीव्हीचं अर्धं चित्र.

"माझा बघू नका," मागून एकजण म्हणाला. "माझाही," दुसरा. तिसरा फाटकाकडे निघालाच होता.

सिरिल हळूहळू पूर्ण वळला, कारण त्याला अर्धं वळता येत नव्हतं. "हिल्डा क्रॅब्ट्री! तू सगळ्यांनाच?"

"कुणाला सांगू नकोस म्हणालास ना? नाही सांगितलं." ती शांतपणे म्हणाली. "त्यांनीही तेच सांगितलं होतं. मग त्यांचंही नाही सांगितलं."

सिरिलनं वॉल्टरकडे पाहिलं. वॉल्टरनं सिरिलकडे. "तूच होतास तो उंदीर!" वॉल्टर ओरडला. सिरिलला हसू यायला लागलं आणि हसलं की कंबरेत कळ, म्हणून तो एकदा हसायचा, एकदा विव्हळायचा. मेबलनं त्याला धरून बाकावर बसवलं.

आता नियमानं कप द्यायचा कुणाला? मिस थ्रेलफॉल फावडं घेऊन एकवीसही तुकडे फिरल्या. खरोखर खणलेला तुकडा एकच निघाला. अर्नी पिकल्सचा. टाळ्या पडल्या, कप त्याच्या हातात दिला, आणि नेमकं काय घडलं ते वॉल्टरनं त्याच्या डाव्या कानात ओरडून सांगितलं.

अर्नीचा चेहरा जांभळा झाला. "म्हणजे सगळा हिवाळा," तो म्हणाला, "बर्फात, मी, या वयात, एकटाच खणत होतो? आणि एकालाही मला सांगावंसं वाटलं नाही?"

"तू विचारलंच नाहीस, अर्नी," हिल्डा म्हणाली.

"मला ऐकू येत नाही, दिसतंय ना तुम्हाला!"

पुढच्या सभेत नियम सात बदलला. 'खणलेला' ऐवजी काय लिहायचं यावर दोन तास वाद झाला. 'मशागत केलेला' असं ठरलं, आणि तो शब्द हिल्डानं सुचवला हे इतिवृत्तात सिरिलनं स्वतःच्या हातानं लिहिलं. वॉल्टरच्या कबुतरांसाठी समितीनं कुंपणाबाहेरची जागा मिळवून दिली. हिल्डाला पुठ्ठा-प्रमुख नेमलं. असं पद इंग्लंडात दुसरीकडे कुठे असल्याचं ऐकिवात नाही. पुढची अकरा वर्षं तिनं ते सांभाळलं, आणि रविवारी बारा ते दोन एकोणीस नंबरात बसायला कधी जागा मिळाली नाही.

अर्नी स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी सकाळी आला होता. कप कोटाच्या खिशात कोंबलेला.

"हा घे," तो म्हणाला, "आणि मला फ्रिजची दोन खोकी दे. मोठी."

"खोकी घे. कप मला काय करायचाय, राजा?"

"मग मलाही नकोय. बघितला की पाठ दुखते."

कोबीची रोपं नुकतीच लावली होती आणि पुठ्ठ्याखाली मऊ, बिनशंखाच्या गोगलगायी मस्तवाल झाल्या होत्या. ओल आवडते त्यांना, आणि त्या वसंतात ओल भरपूर होती. ओलीहून जास्त आवडते ती बिअर; वासानं येतात आणि आत बुडतात. हिल्डानं कप रोपांच्या मधोमध काठापर्यंत जमिनीत पुरला. अर्नी क्लबात जाऊन कालची शिळी बिअर मागून आला आणि त्यानं तो भरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं बघायला गेली, तेव्हा आत बावीस होत्या.